पाहुण्यांची सतरंजी
परवा शेजारी कुणी अंगण सारवलं आणि त्या ओल्या शेणाच्या वासासरशी मला ते वीतभर उंचीचं पांढरं कुत्रं आठवलं. निजामाचं राज्य होतं, आम्ही बीडला राहायचो. आई ज्यांच्याकडे दुधाचा रतीब घालायची त्या तहसीलदारांची बदली झाली, तेव्हा त्यांच्या बेगमसाहेबांनी ते आईच्या ओटीत घातलं. "घर गंदा नइ करता, बहोत शाना है," असं डोळे पुसत त्या म्हणाल्या. पण आमच्या एका खोलीच्या घरात ते चुलीपाशी मुतायचं, देवापाशी मुतायचं, आणि शेपूट हलवत शाबासकीची वाट बघायचं. आई राख टाकून पुन्हा सारवायची. शेवटी वडील चिडले, "उद्यापासून ह्याला भाईर बांध." बाहेर गल्लीतली दांडगी कुत्री, वर घारी. आईनं त्याला उचलून मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "त्याचं काय चुकलं? तिथं फरशी अन् गालिचा व्हता. माती दिसली की अंगण, एवढंच त्याला ठावं. आपल्यात समदी मातीच हाय." तिनं पाहुण्यांसाठी जपलेली लग्नातली सतरंजी काढून घरभर अंथरली. कुत्र्यानं ती हुंगली, उंबरा ओलांडून ते अंगणात गेलं आणि मोकळं होऊन तुरुतुरु आत आलं; तोवर आई घारी-कुत्र्यांना हाकलायला काठी घेऊन दारात उभी होती. संध्याकाळी वडिलांनी सतरंजी बघून विचारलं, "पाव्हणं यायचंय का कुणी?" "आलंय की," आई म्हणाली. आता माझ्या घरी सगळी फरशीच आहे. इथं ते पहिल्या दिवसापासून शहाणं ठरलं असतं.