हिच्या भिशीचे आठ हप्ते

माझी बायको गेली तेव्हा तिच्या डोक्यावर कर्ज होतं, आणि ते मला बाहेरच्या बाईने फोन करून सांगितलं. बँकेचं कर्ज वेगळं. ते मुलाच्या नावावर आहे. हे भिशीचं.

मी सातवी नापास. सरकारी ऑफिसात शिपाई होतो. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये आम्ही सव्वीस वर्षं काढली. आसपास आपली मराठी घरं बरीच होती, कोणी साताऱ्याचं, कोणी वर्ध्याचं. त्या बायकांची भिशी चालायची. बाराजणी, महिन्याला प्रत्येकी तीन हजार. दुसऱ्या रविवारी दुपारी एकीच्या घरी जमायचं, चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिने छत्तीस हजार घरी न्यायचे. पैसे नेले तरी वर्षभर हप्ता भरत राहायचं. कागद नाही, सही नाही. एक वही, आणि तोंडचा शब्द. जुने क्वार्टर पाडले, बायका पांगल्या, पण भिशी मोडली नाही. आम्ही नोएडाला आलो तरी ही जायची.

नोएडाला आलो ते मुलाच्या फ्लॅटसाठी. माझे रिटायरमेंटचे सगळे पैसे त्यात गेले आणि वर मुलाने बँकेचं कर्ज काढलं. बिल्डरने सात मजले उभे केले आणि काम थांबवलं. आमचा नववा. तिथे अजून हवा आहे. त्या हवेचा हप्ता महिन्याला सव्वीस हजार, आणि राहतो त्या दोन खोल्यांचं भाडं पंधरा. माझी पेन्शन हातात सतरा येते, तीही यात जाते. मी माझं एटीएम कार्ड मुलाकडे देऊन टाकलं होतं. म्हटलं घरचेच आहेत.

घर ही चालवायची. दाण्याच्या कुटात निम्मं डाळ्याचं कूट घालायची. तुरीत मसूर. भाजी आणायला अंधार पडताना जायची, भाजीवाला गाडा आवरायला लागला की. सोमवार तर होताच, मग गुरुवार धरला, मग शनिवार. फराळ मात्र एकाही दिवशी नाही, फक्त चहा. मी म्हणायचो, "एवढी कसली देवाची भक्ती?" ती म्हणायची, "तुम्ही गप जेवा." मला कळायला पाहिजे होतं. मी गप जेवलो.

पोटात गाठ निघाली तेव्हा फार उशीर झालेला होता. उपचार सरकारी होते, त्याचं कर्ज झालं नाही, हे आधीच सांगतो, कारण लोक लगेच तेच विचारतात.

तिला जाऊन महिना झाला आणि भिशी चालवणाऱ्या वहिनींचा फोन आला. बाई चांगली. बोलताना दहा वेळा अडखळली.

"भाऊजी, कसं सांगू. वहिनींनी दुसऱ्याच महिन्यात नंबर घेऊन छत्तीस हजार नेले होते. चार हप्ते भरले. पाचवा मी घातला, तेव्हा तुमच्याकडे सुतक होतं. आता सहावा आलाय."

"किती राहिले?"

"आठ धरा. चोवीस हजार. पण तुम्ही नाही म्हणालात तर..."

"नाही कशाला म्हणीन?" मी म्हटलं आणि फोन ठेवला. मग कळलं की माझ्या खिशात दीडशे रुपये आहेत.

मुलगा ऑफिसातून आल्यावर सांगितलं. तो बूट काढत होता. एक बूट पायात तसाच राहिला. भिशीला तो इथल्या लोकांसारखं कमेटी म्हणतो.

"बाबा, कमेटीचं कुठे काही लिखापढी असते का? कोण कोर्टात जाणार आहे?"

"कोर्टात कोणी जात नाही म्हणूनच द्यायचे."

"कुठून? सांगा ना, कुठून? बँकवाले माणूस मेला तरी सोडत नाहीत. त्या आंटी लोकांना सरकारी पगार आहे घरात. तीन हजाराने त्यांचं काय अडलंय?"

"माझं कार्ड दे."

"यार बाबा..."

"मी तुझा यार नाही. कार्ड दे."

कार्ड त्याने टेबलावर टाकलं. पेन्शन आल्यावर मी सहा हजार काढले, थकलेले दोन हप्ते. त्या महिन्यात बँकेचा हप्ता परत गेला, आणि बँकेने दंड लावला तो वेगळाच. मुलगा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. सून बोलली. ती शाळेत मुलं सांभाळायची नोकरी करते, घरचा सगळा हिशेब तिच्या फोनमध्ये. तिने फोन माझ्यापुढे धरला. मला काही कळत नव्हतं.

"बाबा, असं चालणार नाही. हप्ता परत गेला की सगळंच बिघडतं. मुलीची व्हॅन बंद करते, अठराशे वाचतील. शाळेत तुम्ही सोडायचं, तुम्ही आणायचं. वरचे बाराशे पेन्शनमधून ठेवा. बाकी कार्डातलं मला द्या. चालेल?"

"चालेल."

"आणि तंबाखू बंद."

"ती का?"

"बाराशेत बसत नाही."

तंबाखू चाळीस वर्षांची होती. बंद केली. नातीचं दप्तर खांद्याला अडकवून रोज दोन किलोमीटर जायचं, दोन यायचं, दुपारी पुन्हा तेवढंच. गुडघे सुजायचे. नात विचारायची, "आबा, व्हॅन खराब झाली का?" मी म्हणायचो, हो.

पहिल्यांदा भिशीला गेलो तो रविवार. मेट्रोला शंभर जातात म्हणून दोन बस बदलून गेलो, लवकर पोचलो. दार उघडंच होतं. आत बायका बोलत होत्या. त्यातली एक आमच्याच ब्लॉकमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायची, तिचा आवाज मी झोपेतही ओळखीन.

"तिला ठाऊक होतं गं. उगीच का चिठ्ठी न काढता नंबर मागितला? मला दे, मला दे, घराचं काम आहे. कसलं घर? जायचंय हे ठाऊक होतं, घेतले आणि गेली."

"हळू बोल."

"हळू कशाला? मी शेवटचा नंबर मागून घेतलाय. बुडाले तर माझे बुडतील."

मी चपला काढल्या, आत गेलो. सहा हजार वहीवर ठेवले. वहिनींनी चहा विचारला, नको म्हटलं. त्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाईकडे मी पाहिलंसुद्धा नाही. तिथे भांडलो असतो तर काय बोललो असतो? मलाच ठाऊक नव्हतं.

घरी येऊन हिची पिशवी काढली. दवाखान्याचे कागद तिने सुतळीने बांधून ठेवले होते. सुनेला वाचायला लावलं. मोठ्या डॉक्टरांनी लिहिलेला कागद हिने नंबर घेतला त्याच्या अकरा दिवस आधीचा होता. सुनेने दोनदा पाहिलं आणि कागद परत घडी करून ठेवला.

म्हणजे ती बाई खरं बोलत होती.

मुलाला विचारलं. त्याने आधी टीव्हीचा आवाज वाढवला. मी टीव्ही बंद केला.

"छत्तीस हजार कुठे गेले?"

त्याने रिमोट टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "तेव्हा माझी नोकरी सुटली होती ना. दोन हप्ते थकले होते. बँकवाले घरी येणार होते. आई म्हणाली, बाबांना कळू देऊ नकोस, ते बिल्डरच्या ऑफिसात जाऊन मारामारी करतील."

"आणि भिशीचं काय म्हणाली?"

"म्हणाली, नोकरी लागली की तू भर."

"लागली ना नोकरी?"

"लागली. कमी पगाराची लागली." मग एकदम रडायला लागला. चाळिशीचा माणूस, केस विरळ झालेले. "मी काय करू बाबा? मी रोज बेरीज करतो, ती होतच नाही."

मी त्याला जवळ घेतलं नाही. घ्यायला पाहिजे होतं असं आता वाटतं, पण खरं सांगतो, तेव्हा मला त्याची शिसारी आली. आणि हिचा राग आला. बेचाळीस वर्षं एका ताटाशेजारी दुसरं ताट लावून जेवलो. पोटात गाठ आहे हे मला सांगितलं नाही, हप्ते थकले हे सांगितलं नाही, भिशी उचलली हे सांगितलं नाही. मी मारामारी करीन म्हणे. केली असती. मग काय झालं असतं? दोन दात पडले असते. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, हे सगळ्यात वाईट. मनात भांडण तयार असतं आणि समोर फोटो.

पुढच्या महिन्यातल्या भिशीच्या रविवारी गेलो. या वेळी ती बाई तोंडावरच म्हणाली. चिठ्ठी निघाली होती, सगळ्या हसतखेळत होत्या, त्यात हसत म्हणाली, "भाऊजी, रागावू नका हं, पण एक विचारते. वहिनींना आधी कळलं होतं का हो आजाराचं?"

भिशीवाल्या वहिनी म्हणाल्या, "चलो, चहा घ्या सगळ्यांनी, चहा."

मी म्हटलं, "थांबा वहिनी. होय. ठाऊक होतं. अकरा दिवस आधी कळलं होतं. कागद आहे घरी. म्हणूनच नंबर मागितला. पोराचा हप्ता थकला होता, त्यात घातले. चोरी केली म्हणायचं असेल तर म्हणा. पण बुडवले म्हणू नका, कारण मी अजून जिवंत आहे. हे तीन हजार. मोजा."

कोणी मोजेना. मी मोजले. मला मोजायला वेळ लागतो, बोटाला थुंकी लावून एकेक नोट. सगळ्या बघत बसल्या.

त्यानंतर पाच महिने गेलो. थंडी आली, धूर आला, नातीची शाळा त्या धुराने बंद पडली तेव्हा तेवढेच गुडघ्यांना विश्रांतीचे दिवस मिळाले. एका महिन्यात बाराशे नव्हते, सुनेने दिले. कुठून आणले ते सांगितलं नाही. या घरात बायका सांगत नाहीत, आणि मी आता विचारत नाही. मुलाने एकदाही भिशीचं नाव काढलं नाही.

शेवटचा रविवार त्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाईचा. तिचे छत्तीस हजार व्हायचे होते, त्यात माझे तीन. तिने पुडकं घेतलं, दोनदा मोजलं. बरोबर होते. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, मी तसं बोलायला नको होतं."

"बोललात ते खरं होतं," मी म्हटलं. "पण ती असताना बोलायचं होतं. तिने दिलं असतं उत्तर. तिची जीभ तुम्हाला ठाऊक आहे."

तिने मान हलवली आणि पदराने नाक पुसलं. रडली का सर्दी होती, देव जाणे. दिल्लीची थंडी.

भिशीवाल्या वहिनींनी वहीत हिच्या नावावर रेघ मारली. मला वाटलं होतं, आता कोणीतरी हिच्याबद्दल बोलेल. काहीही, तिचं भांडण, तिचं लोणचं. आठ हप्ते भरले, निदान एवढं ऐकायचा हक्क आहे असं मला वाटत होतं. पण नवी भिशी त्याच दिवशी सुरू व्हायची होती आणि एक बाई कमी पडत होती.

"भाऊजी, सूनबाईंना घालता का? तुमच्या घराचा शब्द आता पक्का," वहिनी म्हणाल्या.

मी म्हटलं, "वहिनी, तुमचे पैसे सुखरूप राहायचे असतील तर आमच्या घरातलं कोणी घेऊ नका. माझ्या मुलाची बेरीज होत नाही. आणि मी पुढच्या वर्षी असेन की नाही, ते मला ठाऊक नाही."

कोणीतरी हसलं. मी विनोद केला असं वाटलं असेल. मग बारावी कोण यावर बोलणं सुरू झालं, एकीने आपल्या जावेचं नाव सुचवलं, दुसरी म्हणाली तिचा नवरा देईल का. मी चपला घातल्या. तरी त्यांचं जावेवरच चालू होतं.