शुक्रवारची चाचणी

गुंतवणूक फंडात जोखीम बघणाऱ्या माणसाला जेवायला सोबत कोणी बोलावत नाही. नफ्याच्या गप्पा रंगात आल्या की तो तोंड घालणार आणि रंगाचा बेरंग करणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती लग्नाआधीपासून हेच काम करत होती. ऑफिसात तिचं नावच ‘ब्रेक’ पडलं होतं. “हळू बोला, ब्रेक आली,” असं तिच्या तोंडावर म्हणत. “गाडी तुमचीच वाचते,” म्हणून तीही हसण्यावारी नेई.

फंडात निवृत्त बसचालकांच्या पेन्शनचा पैसा होता. त्यातला लहानसा हिस्सा क्रिप्टोत घालायचं ठरलं, तेव्हा तिने साहेबांचं डोकं खाऊन नियम करून घेतले. हिस्सा मर्यादेबाहेर वाढला की भाव कितीही चढता असो, वरचं विकायचं. बरीचशी नाणी इंटरनेटपासून तोडलेल्या उपकरणात ठेवायची आणि त्याच्या किल्ल्या तिघांत वाटायच्या. रोजच्या खरेदी-विक्रीपुरती तेवढी एक्स्चेंजवर, म्हणजे दुसऱ्याच्या तिजोरीत. या शेवटच्या गोष्टीपायी तिचा जीव कायम टांगणीला.

“मग ठेवता कशाला तिथे?” आईने एकदा भाजी निवडता निवडता विचारलं होतं.

“विकायची वेळ आली तर हाताशी हवीत.”

“आणि त्यांनी दिलीच नाहीत तर?”

“म्हणून तर दर आठवड्याला मागून बघते ना, आई.”

दर शुक्रवारी जेवण झालं की ती एक्स्चेंजकडून ठरलेली छोटी रक्कम परत मागवायची. समोरचा चहा निवायच्या आत ती खात्यात येई. मग साहेब दारातूनच विचारत, “चाचणी?”

“व्यवस्थित.”

“मग झालं तर.”

एक्स्चेंज ठेवीवर व्याज देत होतं. त्या एका ‘व्यवस्थित’च्या जोरावर साहेब तिथे थोडं थोडं जास्त ठेवू लागले. ती कुरकुरली, पण चाचणी तिचीच. स्वतःच्याच कामावर अविश्वास कसा दाखवणार? बघता बघता क्रिप्टोतला निम्म्याहून अधिक पैसा तिथे जाऊन बसला.

त्या आठवड्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, शुक्रवारी ती रजेवर. नंतरही आठवडाभर येणं जमणार नव्हतं. म्हणून मंगळवारीच तिने चाचणी उरकायला घेतली, आणि पुढची पण यातच होऊन जाईल म्हणून रक्कम चांगली मोठी टाकली.

चहा निवला. त्यावर साय धरली. स्क्रीनवर एकच ओळ होती, ‘प्रक्रिया सुरू आहे’. दुपार कलली तरी तीच.

मग फोन वाजला. एक्स्चेंजचा माणूस होता. त्याला ऑफिसात सगळे गोडबोल्या म्हणत.

“मॅडम, आज कशी काय आठवण काढलीत? आज तर मंगळवार.”

“मंगळवारी पैसे देत नाही का तुम्ही?”

“छे छे, तसं नाही. तुमचं शुक्रवारी असतं ना. शुक्रवारी आम्ही तुमच्यासाठी तयारच असतो.”

त्याने ते अगदी आपुलकीने सांगितलं. तिने फोन ठेवला. इतके दिवस ती त्यांची तिजोरी तपासत नव्हतीच. पाहुणे येणार म्हणून आवरून ठेवलेली बैठकीची खोली तेवढी बघून परत येत होती.

ती तडक साहेबांकडे गेली.

“शुक्रवारपर्यंत थांब,” साहेब म्हणाले. “शुक्रवारी येतील.”

“येतीलच, साहेब. त्याचीच भीती वाटते.”

“तू सगळं मागितलंस आणि काहीच गडबड निघाली नाही, तर बुडालेल्या व्याजाचा जाब फंडाचं बोर्ड तुला विचारेल. मी मध्ये पडणार नाही, आधीच सांगतो.”

“नका पडू.”

नियमाने तिला एकटीला सगळं परत मागता येत होतं. तो नियम कधी कोणी वापरला नव्हता. जागेवर येऊन तिने पूर्ण आकडा भरला आणि बटण दाबलं. संध्याकाळी रकमेचा एक तुकडा आला. मग त्याहून लहान एक. मग काहीच नाही. गोडबोल्याचा फोन बंद लागू लागला.

सकाळी एक्स्चेंजच्या पानावर सूचना होती: तांत्रिक कारणामुळे पैसे काढणं तूर्त थांबवलं आहे. ऑफिसात कोणी कोणाकडे बघत नव्हतं. दोन तुकडे सोडले तर बाकी सगळं आत अडकलं होतं, आणि निवृत्तांची पुढच्या वर्षीची पेन्शनवाढ त्याच्यावरच धरली होती.

साहेब निवृत्तांच्या संघटनेला कळवायचा मजकूर घेऊन तिच्या टेबलाशी आले. पहिल्यांदाच ते तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

“आपण दर आठवड्याला न चुकता तपासत होतो, एवढं तर लिहू या,” ते म्हणाले. “खोटं नाही ते.”

तिने कागद पुढे ओढला आणि ‘दर आठवड्याला’च्या पुढे लिहिलं: ‘एकाच वारी, एकाच वेळी, तेवढीच छोटी रक्कम’. खाली सही केली.

साहेबांनी कागद उचलून वाचला. मग म्हणाले, “हे वाचल्यावर ते कुणाला पहिलं धरतील, कळतंय ना तुला?”

“कळतंय,” ती म्हणाली. “पाठवा.”