आजोबांच्या शुगरची डायरी

हे मी कुणालाही सांगायचं नव्हतं. आजोबांनी माझ्याकडून तसं वचनच घेतलं होतं. पण किस्से एकदा साठायला लागले की पोटात मावत नाहीत. त्यात मी चारचौघांत तोंड उघडत नाही, त्यामुळे माझ्याकडे ते जरा जास्तच साठतात. म्हणून लिहून काढते.

आजोबांच्या पायात दोन वर्षांपूर्वी रक्ताची गाठ झाली. तेव्हापासून रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. शुगरची गोळी तर त्याच्याही आधीपासून. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, "दोन्हींचा डोस चुकला, कमी काय नि जास्त काय, तर जिवावर बेतेल." आई-बाबा नोकरीला जातात, म्हणून लक्ष ठेवायचं काम नववीतल्या माझ्याकडे. संध्याकाळी आजोबांबरोबर सिडकोतल्या बागेत जायचं कामही माझंच. तिथल्या बाकड्यावर साळवे आजोबा आणि निकम आजोबा त्यांची वाट बघत असतात. तिघांनी अंबडच्या एका कंपनीत बॉयलरवर जन्म काढला. मी शेजारी पुस्तक उघडून बसते. पान उलटत नाही, हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही!

*

निकम आजोबांचे गुडघे दुखतात. त्यांच्या खिशात दुखण्याच्या गोळ्या असतात आणि ते त्या बडीशेपेसारख्या वाटतात.

"घे जाधव, कंबर धरलीय ना? काही होत नाय!"

रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही, हे आजोबांच्या फाइलवर लाल अक्षरात लिहिलंय. आजोबांनी चार दिवस घेतली. माझी पाठ वळली की! पाचव्या दिवशी सकाळी ब्रश करताना हिरड्यांतून रक्त. बेसिन लाल. आईने रजा टाकली, डॉक्टरांकडे पळापळ झाली, तेव्हा कुठे निभावलं.

त्या संध्याकाळी आजोबांनी बाकड्यावर सगळी हकिकत सांगितली. निकम आजोबांनी डोळे मिटून विचार केला आणि सल्ला दिला, "पेस्ट बदल."

*

साळवे आजोबांनाही शुगर आहे. एकदा त्यांनी आठ दिवस गोळ्याच घेतल्या नाहीत. घरी कुणाला पत्ता नाही. चक्कर येऊन पडले, तेव्हा कळलं. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या संपल्या होत्या का?"

"नाही हो, भरपूर आहेत."

"मग?"

"वर्षातनं एकदा बॉयलरसुद्धा शटडाऊनला घेतात, साहेब!"

बाकड्यावर हा किस्सा सांगताना तिघं टाळ्या देऊन हसत होते. मला मुळीच हसू आलं नाही. त्यांच्या सूनबाई ते आठ दिवस रोज सकाळी गोळीची आणि पाण्याची आठवण करून कामाला जात होत्या. गोळी कुंडीत जात होती!

*

आता पालेभाजीचं ऐका. आमच्या आजीचा जीव पालेभाजीवर. मेथी, अंबाडी, आंबट चुका. आजोबा एकदा डॉक्टरांकडून आले ते जाहीर करतच, "पालेभाजी बंद! रक्ताच्या गोळीला चालत नाही." आजीने त्या दिवसापासून घरात काडी आणली नाही. एकासाठी वेगळी भाजी कुठे करायची, म्हणून स्वतःही सोडली. वर्षभर!

नंतर एकदा मी आजोबांबरोबर दवाखान्यात गेले. सगळं धैर्य गोळा करून विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "बंद कोणी सांगितली? एक दिवस ढीगभर आणि आठ दिवस काहीच नाही, असं करू नका म्हणालो होतो. रोज साधारण सारखी खा."

घरी येऊन मी आजीला सांगितलं. आजी हातातलं लाटणं ठेवून आजोबांकडे बघत राहिली.

"ऐकण्यात जरा फरक झाला असेल," आजोबा म्हणाले. "आणि खरं सांगायचं, तर मेथी मला कधीच आवडली नाही."

*

डॉक्टरांनी घरी शुगर तपासायचं मशीन घ्यायला लावलं. बोटाला टोचायचं, पट्टीवर थेंब घ्यायचा, आकडा डायरीत लिहायचा. ती डायरी बघूनच ते गोळी ठरवतात. लॅबमधली तीन महिन्यांची टेस्ट आजोबांनी दोनदा बुडवली होती, त्यामुळे सगळी भिस्त डायरीवर.

डायरी इतकी सुबक की डॉक्टरांनी दुसऱ्या पेशंटला दाखवली! मीही कौतुकाने उघडली. मंगळवार होता. डायरीत गुरुवारचा आकडा भरलेला. शुक्रवारचाही. रविवारची शुगर किंचित वाढलेली, म्हणजे ते खरं वाटावं!

"आजोबा, हे काय?"

"बॉयलरची लॉगशीट अशीच भरतात गं. चहाच्या आधी अख्ख्या शिफ्टची भरून टाकायची, मग निवांत."

मी रडायलाच लागले. तेव्हा त्यांनी कबूल केलं, की इथून पुढे खरं रीडिंग घेईन, पण तू कुणाला सांगायचं नाहीस. मी वचन दिलं. तेच हे वचन. मात्र मी रोज मशीनमधले जुने आकडे काढून डायरीशी ताडून बघायला लागले. तंतोतंत जुळायचे.

*

खरे आकडे यायला लागले आणि सगळ्यांची तोंडं उतरली. उपाशीपोटी दोनशे तीस. मग दोनशे पन्नास. डॉक्टरांनी गोळी वाढवली. तरी आकडा चढताच. पुन्हा वाढवली. आजीने आजोबांचा भात तोडला, चहातली साखर तोडली. विहारात बुद्धपौर्णिमेची खीर होती, तीही त्यांच्या हातातून काढून घेतली.

आणि गेल्या सोमवारी बाकड्यावर बसल्याबसल्या आजोबांना दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले. मला ते "वहिनी, वहिनी" म्हणत होते! साळवे आजोबांनी खिशातलं चॉकलेट त्यांच्या तोंडात कोंबलं. मी समोरच्या मेडिकलवाल्यांना हाका मारत आणलं. एवढ्या मोठ्याने मी जन्मात ओरडले नव्हते. त्यांनी टोचून बघितलं. आकडा आला चोपन्न! सकाळी डायरीत होते दोनशे अडुसष्ट.

निकम आजोबा म्हणाले, "मशीन बदल." या वेळी मलाही ते पटलं.

*

आज सकाळी नवीन मशीन कसं चालतं ते बघायला मी उठून स्वयंपाकघरात गेले. ओट्याजवळ आजोबा चष्मा लावून मशीन धरून बसले होते आणि आजी उजव्या हाताने पोहे परतत डावा हात त्यांच्यापुढे करून उभी होती.

"टोचा की लवकर, करपतील!"

आजोबांनी आजीच्या बोटाला टोचलं. थेंब पट्टीवर घेतला. दोनशे एक्क्याऐंशी. डायरीत लिहिलं.

मी पुढे होऊन आजीचं बोट धरलं. "हे... हे आजीचं रक्त आहे!"

"मग? माझं रक्त पातळ. टोचलं की थांबत नाही, धोतर खराब होतं," आजोबा शांतपणे म्हणाले. "एका स्वयंपाकातलं दोघं खातो. दोन नंबर बॉयलरचं गेज बंद असलं की तीन नंबरचं लिहायचो आम्ही. लोड सारखाच असतो!"

आजीने गॅस बंद केला. बोट कुणाचंही चालतं, असं आजोबांनी तिला सांगितलेलं. तिच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी हसू आलं. "म्हणजे यांची शुगर वाढलेली नाहीच? सुटले बाई!" असं म्हणत तिने स्वतःच्या चहात तीन चमचे साखर घातली.

आजीला आजवर एकही गोळी नाही. तिला कुणी कधी तपासलेलंच नाही.

मी तिच्या हातातला कप काढून घेतला आणि आईला फोन केला. आता आम्ही दवाखान्यात नंबरला बसलोय. आई ऑफिसातून थेट इकडेच निघालीय. आजोबा म्हणतायत, डॉक्टरांशी मी बोलतो, तू गप्प बस. पण मी ठरवलंय, आत गेल्यावर सगळ्यात आधी मीच बोलणार, आणि पहिलं वाक्य असं, की... थांबा, "कमल जाधव" असं पुकारलं. आजी इकडेतिकडे बघतेय, ही कमल कोण म्हणून. तिचंच नाव आहे ते, पण घरात कुणी घेतच नाही! आणि आजोबा डायरी काखेत मारून उठलेसुद्धा, मला हाक मारतायत, आणि आजी अजून तिथेच...