बिनदारूची गोळी

केंटकीच्या डोंगरात अँब्रोस टॅकेटचं जुन्या बंदुकांचं दुकान होतं. सगळ्या ठासणीच्या. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधीत गुंडाळलेली गोळी गजाने ठासायची, मागे तांब्याची टोपी बसवून चाप ओढायचा. त्या तालुक्यात प्यायच्या दारूला बंदी, त्यामुळे अँब्रोसच्या काळ्या दारूवरून गावात कायम चेष्टा चाले. अँब्रोस मात्र हसायचा तो फक्त बिनदारूवाल्यांना. गप्पांच्या नादात दारू ओतायची राहिली आणि नुसतीच गोळी ठासली, तर टोपी फटकन वाजते आणि पुढे काहीच होत नाही. असं ज्याचं झालं, त्याचा जन्मभर पिच्छा. गावच्या पाद्र्यालासुद्धा त्याने भर रस्त्यात विचारलं होतं, "काय बुवा, आजच्या प्रवचनात तरी दारू घातली का?"

अलीकडे मात्र अँब्रोसचं डोकंच दगा द्यायला लागलं होतं. कॉफी आटून भांडं जळायचं, चष्मा कोंबड्यांच्या खुराड्यात सापडायचा. त्याची बायको आयडेला एकदा स्पष्टच म्हणाली, "भांडी जाळ हवी तेवढी. पण ज्या दिवशी दारू विसरशील, त्या दिवशी दुकानाला कुलूप. आज घालायला विसरलास तर उद्या घातलेली विसरशील. दोनदा घालशील, नळी फुटेल आणि कुणाचं तरी तोंड जाईल." अँब्रोस हो म्हणाला होता. आपल्यावर अशी वेळ येईल असं त्याला वाटलंच नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये ओहायोचं एक जोडपं वाट वाकडी करून दुकानात आलं. ब्लेन स्ट्रिकलर चाळिशीचा, मोजकं बोलणारा. त्याची बायको जोनेल दोघांच्या वाटचं बोलणारी. ब्लेनला मेपलच्या दस्त्याची एक लांब बंदूक आवडली. ती हातात घ्यायच्या आधी त्याने विचारलं, तेवढ्यानेच अँब्रोस खूश झाला.

"चल पोरा, झाडून बघ. न झाडता बंदूक घेणं म्हणजे न बघता लग्न करणं."

"यांनी तेही केलं असतं," जोनेल म्हणाली.

दुकानामागे झाडाला जुना तवा टांगलेला होता. अँब्रोस बंदूक भरू लागला आणि तोंडाने आजोबांच्या अस्वलाची गोष्ट चालू. अस्वल झाडावर चढलं, आजोबा खाली पडले, गोळी ठासून झाली. ब्लेनने टोपी बसवली, नेम धरला, चाप ओढला.

फट्. तवा जागच्या जागी.

आपण काय केलं ते अँब्रोसला त्याच क्षणी कळलं. तेवढ्यात आयडेला मागच्या दारात आली. "काय झालं रे?"

आणि उभ्या जन्मात खोट्या मालाला खरा न म्हटलेला हा माणूस म्हणाला, "काही नाही. पाहुण्यांनी टोपी नीट दाबली नाही."

"मला वाटलंच!" जोनेल हसत सुटली. "घरी साधा खिळा ठोकता येत नाही यांना!"

ब्लेन लालबुंद झाला. "चुकलंच माझं," म्हणत त्याने बंदूक अँब्रोसच्या हातात दिली. "हे आपलं काम नाही. येतो आम्ही." आयडेलाला वाईट वाटलं, थांबा, मक्याचा पाव तरी खाऊन जा, म्हणाली. पण ती दोघं गाडीकडे निघाली होती.

अँब्रोस बंदूक धरून उभा राहिला. इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती. दुसऱ्याच्या चुकीवर आयुष्यभर दात काढले आणि आपली चूक परक्याच्या गळ्यात बांधली, तीही त्याच्या बायकोसमोर. बंदूक टेकवून तो जमेल तसा धावला. जोनेल गाडीत बसली होती, ब्लेन दार उघडत होता.

"पोरा," अँब्रोस धापा टाकत म्हणाला, "टोपी ठीक होती. मी दारूच घातली नव्हती."

"माहीत आहे," ब्लेन हळूच म्हणाला. "मी तुमच्या हातांकडेच बघत होतो."

"मग बोलला का नाहीस? आधीच?"

"तुमच्यासारख्या माणसाला सांगायचं कसं, कळेना. वाटलं, मलाच दिसलं नसेल. आणि मग बाई दारात आल्या. तुम्ही फार घाबरलात हो, मिस्टर टॅकेट." त्याने अँब्रोसच्या दंडावर हात ठेवला. "जाऊ द्या. आमच्या घरी रोजच हसतात मला."

त्या हाताने अँब्रोसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. गाडी गेली, धूळ बसली, तरी तो तिथेच उभा होता. आयडेला अंगणात आली.

"का पळालास रे एवढा? काही विसरून गेले का ते?"

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. दुकान उद्याही उघडलं असतं.

"ते नाही," अँब्रोस म्हणाला. "मी विसरलो. दारू."