हिरूमावशींचा डावा हात

मुंबईतल्या एका छोट्या प्रदर्शनासाठी माझा फोटो निवडला गेला, म्हणून मी पुन्हा डहाणूला गेले. फोटो डहाणूजवळच्या चिखले गावाच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणाऱ्या एका बाईंचा. आयोजकांची अट एकच, त्या बाईंची संमती हवी. गेल्या हिवाळ्यात फोटो काढताना मी त्यांचं नावही विचारलं नव्हतं. रस्त्यावर फोटो काढत हिंडलं की जग कळतं, असं मी या ब्लॉगवर मोठ्या तोऱ्यात लिहिलंय, त्यामुळे हे कबूल करणं जरा जड जातंय.

डहाणू रोडला उतरलात की शेअर रिक्षा बघा. माणसं भरेपर्यंत ती हलत नाही, तेवढ्यात चहा होतो. चिकू परतताना घ्या, नाहीतर दोन दिवस ओझं वाहाल. आणि थंडीत जा. तेव्हा किनाऱ्यावर बांबू रोवून दोऱ्या ताणलेल्या असतात आणि दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते दोरीवर टांगतात. वासाची सवय अर्ध्या तासात होते.

बाई त्याच जागी सापडल्या. नाव हिरूमावशी. मी हौसेने फ्रेम करून आणलेला फोटो पिशवीतून काढला. त्यांनी हात पदराला पुसले आणि फोटो लांब धरून बराच वेळ पाहिला.

"ही कोण, बाय?"

"तुम्हीच की, मावशी."

"लुगडं माझं हाय. हात माझा नाय."

शेजारच्या दोरीवर त्यांची जाऊ काम करत होती. ती वाकून बघायला आली आणि हसतच सुटली. "अगं, ही तर उजवी झाली!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरी कॉम्प्युटरवर मी फोटो उलटवला होता, आरशात दिसतो तसा. बघणाऱ्याची नजर डावीकडून उजवीकडे जाते, तर हातही तिकडेच जाऊ दे, एवढाच विचार. हिरूमावशी डावऱ्या आहेत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांचा हात समोर चालला होता आणि मी उजेड बघत बसले होते.

"सासू दोन वर्षं मागे लागलेली," मावशी म्हणाल्या. "डावा हात मासळीला लावू नको, बरकत जाते. फटके दिले हातावर. तिला नाय जमलं ते तू केलंस." हसत म्हणाल्या, पण फोटो माझ्या हातात परत दिला. "हा नको लावू कुठे. लोक दुसऱ्याच बाईला बघतील."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तलासरीचा बाजार ठरलेलाच होता. एसटीने गेले, पण कॅमेरा बाहेर काढला नाही. तासभर नुसते लोकांचे हात बघत फिरले. एक टोपलीवाली काठ अंगठ्याने दाबून बांबूची मजबुती दाखवत होती. तिनेच विचारलं, "फोटो नाय काढत?"

"आधी बघते," म्हटलं.

बाजाराच्या टोकाला लग्नाचे अल्बम करणारा एक स्टुडिओ आहे. मूळ फोटो फोनमध्ये होता, त्याचा प्रिंट काढायला सांगितला. मालक म्हणाला, "मागचं बॅकग्राउंड बदलू? बर्फाचे डोंगर टाकतो."

"दादा, कृपा करा. काहीच बदलू नका."

तो प्रिंट घेऊन तशीच चिखल्याला गेले. मावशींनी या वेळी फोटो लांब धरलाच नाही. "हां. ही मी," म्हणाल्या. "आता लाव मुंबईला." प्रिंट त्यांच्याकडेच ठेवून आले.

घरी आल्यावर आयोजकांना खरं ते कळवलं. निवड उलटवलेल्या फोटोची झाली होती, त्यामुळे बदलून देता येणार नाही, असं उत्तर आलं. माझा फोटो यादीतून गेला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. चार नातेवाइकांना बोलावूनही झालं होतं. त्यांना आता रोज एकेक फोन करून नको म्हणतेय.

चिखल्याला मात्र तो प्रिंट लागला. मावशींच्या जाऊबाईंनी परवा व्हिडिओ कॉल करून दाखवला. घरातली भिंत, त्यावर सासूबाईंचा हार घातलेला फोटो, आणि त्याला अगदी खेटून हिरूमावशी, डावा हात पुढे करून.