अण्णांची रेकॉर्ड मी नापास केली

त्या संगीताचं खरं नाव आमच्या घरात कुणालाच धड म्हणता येत नसे. आम्ही त्याला ‘मोठं गाणं’ म्हणायचो. शेदीडशे माणसं एकत्र गातात, त्यांच्यासमोर तेवढाच मोठा वाद्यवृंद, आणि शब्द लॅटिन. सुरुवातीला ढोल दणाणतात, सगळी माणसं एकदम तोंड वर करून हाक मारल्यासारखी गातात, आणि लगेच आवाज खाली येऊन तीच माणसं कुजबुजत पुढे निघतात. ही सुरुवात हल्ली जाहिरातींत इतक्यांदा वाजते की शेंबडं पोरही ओळखेल. आमच्याकडे मात्र ते अख्खं, तासभर, दर रविवारी सकाळी वाजायचं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, ओझरच्या विमान कारखान्यात पत्र्याच्या कामावर होते. मूळचे नांदगाव तालुक्यातले. आयटीआय करून इकडे आले आणि आयुष्यभर विमानाचे पत्रे रिव्हेट मारून जोडत राहिले. त्या काळी कारखान्यात परदेशी इंजिनिअर यायचे. त्यातल्या एकाला अण्णांनी दोन-तीनदा घरी जेवायला आणलं होतं. तो भरताबरोबर भाकरी खायचा आणि आईकडे बघून नुसता मान हलवायचा. मायदेशी परतताना त्यानं अण्णांना सुटकेसएवढा रेकॉर्ड प्लेअर आणि चार रेकॉर्डी दिल्या. तीन आम्हाला कधी आवडल्या नाहीत. चौथी हे मोठं गाणं. मध्ये एकदा उठून ती उलटी करावी लागे, तो मान माझा.

अण्णांना हे संगीत का लागलं, याचं उत्तर माझ्याकडे एकच आहे. जयंतीला आमच्या वस्तीची गायन पार्टी उभी राहायची, तिच्यात अण्णा कोरसला असत. पेटीवाल्याच्या मागे तिसरे. पुढे येऊन एकट्यानं गाणं त्यांनी जन्मात केलं नाही. ते मला म्हणायचे, “पुढचा गातो ते कुणीबी ऐकतं. मागचे कसं धरतात ते ऐक.” या रेकॉर्डमध्ये मागचेच सगळं गात होते. त्यांना तो न्यायच वाटत असावा.

रेकॉर्डमध्ये एक जागा होती. दुसऱ्या बाजूला, साधारण मध्यावर, सगळ्या बायका थांबून पुन्हा एकदम सुरू होतात. त्यात एक बाई किंचित आधी सुरू व्हायची. अगदी किंचित. अण्णांनी ती पकडली होती. ती जागा आली की ते बोट वर करायचे. “ही बाई घाईत हाय. घरी पोरगं आजारी असंल तिचं.” मी हसायचे. पुढेपुढे आईसुद्धा स्वयंपाकघरातून विचारायची, “आली का ती?”

मी मोठी झाले, डिप्लोमा केला आणि सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात लागले. माझं काम तुलनेचं. नमुना पार्ट समोर ठेवायचा आणि आलेला माल त्याच्याशी ताडून पाहायचा. मापात बसला तर पास, नाहीतर लाल टॅग. हे काम माणसाच्या अंगात मुरतं. मी भाजीही तशीच घेते, असं आई म्हणते.

अण्णा निवृत्त झाले तेव्हा ओझरची क्वार्टर सुटली आणि त्यांनी सातपूरजवळच घर घेतलं. माझं सासर तिथून दोन गल्ल्यांवर. निवृत्तीची भेट म्हणून मी त्यांना त्याच संगीताची सीडी आणून दिली, दुसऱ्या देशाची, दुसऱ्या कंडक्टरनं वाद्यवृंद चालवलेली. त्या रविवारी आम्ही आधी रेकॉर्ड ऐकली, मग सीडी. अण्णांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. एकच गाणं दोन वेगळ्या लोकांनी गायलं की इतकं बदलतं, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. “हे लोक सावकाश चालतात,” ते म्हणाले. “आपले पळत होते.”

तिथून आम्हाला नाद लागला. कुणी मुंबईला गेलं की सीडी आणायला सांगायची. पाच-सहा जमल्या. एकीत मुलांचा कोरस गोड होता, एकीत ढोल असे की खिडकीची काच थरथरायची. आम्ही दोघं वाद घालायचो. ते दिवस चांगले होते, आणि ते मीच बिघडवले.

झालं असं की घरात इंटरनेट आलं आणि मी या संगीताबद्दल वाचायला लागले. जगभर माणसं या एका कामाच्या ध्वनिमुद्रणांची तुलना करत बसलेली होती. कोणतं उत्तम, कोणतं ऐकूच नये, सगळं लिहिलेलं. मला वाटलं, हे तर माझंच काम. मी याद्या काढल्या. आता रविवारी मी अण्णांना सांगू लागले की इथे कोरस सैल आहे, इथे स्वर उतरला. त्यांना चांगले हेडफोन आणून दिले. ते ऐकायचे, मान डोलवायचे, आणि वाद हळूहळू बंद झाला. तो बंद झाला हे माझ्या लक्षातही आलं नाही.

एका रविवारी अण्णांनी जुनी रेकॉर्ड लावली आणि त्या जागी बोट वर केलं. मी म्हणाले, “अण्णा, ती चूक आहे.”

“काय?”

“ती बाई चुकलीय. या रेकॉर्डबद्दल सगळ्यांनी तेच लिहिलंय. कोरस कच्चा, बायकांचे आवाज कर्कश, रेकॉर्डिंग कोंदट. जाणकार लोक हिला मोजत नाहीत.”

अण्णांनी बोट खाली घेतलं. “असं व्हय,” म्हणाले. “मला काय माहीत.” त्यांनी बाजू संपू दिली. रेकॉर्ड पाकिटात घातली आणि कपाटावर ठेवली. त्यानंतर ती त्यांनी कधी लावलेली मला आठवत नाही. तेव्हा मला बरंच वाटलं. माणसाला चांगल्याची पारख आली, असं वाटलं.

दोन-तीन वर्षांनी घराला रंग काढला. सामान बाहेर आलं. प्लेअरचा पट्टा तुटला होता. मी अण्णांना विचारलं, “हे ठेवायचं का?”

“तुला काय वाटतं?”

“आता आपल्याकडे चांगल्या आहेत की.”

“मग दे,” अण्णा म्हणाले. जुनं सामान घेणारा गाडीवाला गल्लीत आलाच होता. प्लेअर आणि चारही रेकॉर्डी मी माझ्या हातानं त्याच्या गाडीवर ठेवल्या. अण्णा दारात उभे होते. मी मागे वळून नीट पाहिलं नाही, रंगाऱ्याला घाई होती.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आई तक्रार करायला लागली की टीव्ही फार मोठा लावतात, हाक मारली तर ओ देत नाहीत. मी अण्णांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. बंद खोलीत बसवून त्यांची तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी कागदावरचा आलेख मला दाखवला. रेघ डावीकडे वर होती आणि पुढे उतारावरून घसरल्यासारखी खाली गेली होती. “खालचे, जाड आवाज यांना येतात,” त्या म्हणाल्या. “वरचे, बारीक आवाज जवळजवळ नाहीत. हे आजचं नाहीये. कारखान्यात होते ना? नोकरीत असतानाच सुरू झालं असणार.”

आम्ही रिक्षानं परतलो. घरी आल्यावर त्यांच्या शेजारी बसून, जरा जोरात विचारलं, “अण्णा, बायकांचे वरचे आवाज तुम्हाला ऐकू येत नव्हते?”

“ढोल येतात. गड्यांचे आवाज येतात.”

“आणि बायकांचे?”

“ते मला पाठ होतं ना,” अण्णा म्हणाले. “जुन्या रेकॉर्डवर होतं सगळं पाठ. गडी इथं आले म्हणजे बाया तिथं असणार. ती लागली की सगळं ऐकू यायचं. ह्या नव्यांत ते बसत नाय. कुणी सावकाश, कुणी भरभर. मग नुसते ढोलच ऐकू येतात.”

“मग सांगितलं का नाही तुम्ही?”

“तू एवढं वाचून सांगत होतीस. म्हटलं, पोरगी शिकलेली हाय, तिला बरोबर माहीत असंल. आणि तू दर रविवारी यायचीस.”

इतकी वर्षं ते माझ्यासमोर हेडफोन लावून अर्धंमुर्धं संगीत ऐकत बसले होते, आणि मी त्यांना सांगत होते की या ध्वनिमुद्रणात बायकांचे आवाज किती स्वच्छ आहेत.

आम्ही श्रवणयंत्र घेतलं. बोलणं त्यांना बरं ऐकू यायला लागलं, पण संगीत त्यातून भांडी घासल्यासारखं येतं म्हणाले. सीडी लावणं आम्ही बंद केलं. रविवारी मी जायचे ते नुसती चहाला. पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर अण्णा गेले.

ते गेल्यावर चार-पाच महिन्यांनी मी ती रेकॉर्ड इंटरनेटवर शोधायला बसले. तोपर्यंत कधी शोधली नव्हती, कारण यादीत ती सगळ्यात खाली होती. तीन दिवस लागले. रेकॉर्डवरच्या गोल कागदाचा विटकरी रंग आणि त्यावरची परकी अक्षरं दिसली तेव्हा ओळख पटली. कुणीतरी आपल्या घरच्या प्रतीवरून ती इंटरनेटवर चढवली होती. मी आईकडे जाऊन फोनला स्पीकर जोडला आणि पूर्ण ऐकली. घाईतली बाई तिथंच होती. पण मला खोटं लिहायचं नाही. कोरस खरोखर कच्चा आहे, रेकॉर्डिंग कोंदट आहे. मी चुकीचं काहीच बोलले नव्हते. त्याचा आता काही उपयोग नाही. नमुना पार्ट कोणता धरायचा, हे मी त्या घरात न विचारता ठरवलं होतं.

मग मी ती चढवल्याची तारीख पाहिली. अण्णांची तपासणी झाली त्याच्या दोन वर्षं आधीपासून ती तिथं होती. त्या दिवशी रिक्षातून उतरल्यावर मी शोधली असती, तरी अण्णांना शेवटचं वर्षभर तरी ती ऐकता आली असती.

हे मी आईला सांगितलं. ती कोथिंबीर निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

“रेकॉर्ड गेली त्या दिवशी ते जेवले नव्हते,” ती म्हणाली. “पोटात दुखतंय म्हणाले.”

“मला तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“सांगू नको म्हणाले होते.”

मी स्पीकर बंद केला. आईनं देठं पेपरात गुंडाळली आणि निवडलेली कोथिंबीर माझ्याकडे सरकवली, तुझ्याकडे घेऊन जा म्हणाली, माझ्या एकटीला एवढी लागत नाही.