देवीचा गाडा, सरकारचा मुद्देमाल

"कॉलरा आहे, म्हणजे पटकी. दवाखान्यात न्या, तिथं सलाईन देतील. घरी ठेवलंत तर वाचणार नाहीत," डॉक्टर म्हणाले. सलाईन म्हणजे मिठाचं पाणी, शिरेतून आत सोडतात. माझा नवरा गिरणीत मागावर उभा राहणारा धडधाकट माणूस. सकाळपासूनच्या जुलाबांनी त्याचे डोळे खोल गेले होते.

सोलापुरात तेव्हा लष्करी कायदा होता. सरकारला पांढऱ्या गांधी टोपीची धास्ती, तुंबलेल्या गटाराची नाही. बंदुकीच्या भीतीनं झाडूवाले फिरकेनात.

आमची गल्लीही काही कमी नव्हती. मरीआईच्या गाड्यात देवी, लिंबं, हिरव्या बांगड्या घालायच्या आणि हलगी वाजवत शिवेबाहेर सोडायचा, म्हणजे रोग पुढच्या गावाला जातो. याला हे लोक धर्म म्हणतात! जमावबंदीत हलगी ऐकून शिपाई धावले, तशी भक्तमंडळी देवीला गाड्यासकट गल्लीच्या तोंडाशी टाकून पळाली.

आमच्यासाठी आलेला टांगा तिथंच अडला. टांगेवाला खाली उतरेना. शेजारची काशीबाई दाराआडून म्हणाली, "आक्का, हात लावू नगा. देवी घरात येती."

हवालदाराचं वेगळंच. "मुद्देमाल हाय. सायेब बघंपर्यंत हलवायचा न्हाई."

माझं डोकं फिरलं. "रोग घरात येऊन बसलाय, आता देवी आणखी काय आणणार?" असं म्हणून मी गाडा ओढून भिंतीला लावला. हवालदार मला धरायचं सोडून मागं सरला. मुद्देमालाला त्यानंही बोट लावलं नव्हतं.

दवाखान्यात खाट नव्हती, ओसरीवरच सलाईन लावलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "पटकीत पाणी तोडू नका. उकळून गार केलेलं, मागतील तेवढं द्या." जुनी माणसं नेमकं पाणीच तोडतात. तुमच्या घरी ही वेळ आली तर त्यांचं ऐकू नका.

पटकीत लघवी बंद पडते; पुढं त्याला ती झाली, तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा हसले. असल्या गोष्टीनं आनंदाचं रडू येतं, हे मला तिथं कळलं. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

घरी आलो तर गल्ली माझ्या पाया पडायला हजर. मी गाडा ओढला म्हणून देवी पावली म्हणे. नवऱ्याला टांग्यात चढवताना यातला एकही हात पुढं आला नव्हता. मला किळस आली.

काशीबाई मागं थांबली. तिच्या नातीला जुलाब लागले होते आणि घरच्यांनी पोरीचं पाणी तोडलं होतं. मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं. ती ढिम्म. म्हणाली, "आक्का, तुमच्या हातचा अंगारा द्या की."

दोन शिव्या ओठांवर आल्या होत्या, त्या गिळल्या. चुलीतली राख चिमटीत धरून तिच्या घरी गेले, पोरीच्या कपाळाला लावली आणि म्हटलं, "देवी सांगते, पाणी पाज."

काशीबाई लगेच तांब्या घेऊन आली.